जुन्या सी-१० पिकअपला व्हील स्पेसर लावावेत का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीवर बोलतोय हे पक्कं होईल. तुम्ही ह्यूस्टनजवळ राहता. तुमच्याकडे १९७२ ची शेव्हरले सी-१० आहे, स्प्रिंगा बदलून थोडी खाली बसवलेली. जीप रँगलर जेकेची अठरा इंची अलॉय रिम्स स्वस्तात मिळाली. दोन्हींचे नट पाच आणि ते ज्या वर्तुळावर बसतात तेही पाच इंचांचं, म्हणून सरळ बसतील असं वाटलं. बसवून पाहिलं तर मागची चाकं मडगार्डच्या आत खोल गेली आणि पुढे रिमची आतली कड स्टिअरिंगच्या टाय रॉडच्या टोकाशी घासायला लागली. म्हणून चारही चाकांना दीड इंचाचे स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकावं म्हणून ते ज्यावर बसतं तो हब आणि रिम यांच्यामध्ये घालायचे धातूचे जाड तुकडे, लावायचा विचार आहे. एक मित्र म्हणतो ‘जीव द्यायचाय का?’, दुसरा म्हणतो ‘मी दहा वर्षं चालवतोय, काही होत नाही’. गाडी रोजच्या वापरात नाही. शनिवार-रविवारी हायवेवर एक फेरी, कधी बागेसाठी माती-खत, आणि सप्टेंबरात मंडळाचा गणपती.

दोन्ही मित्र जाडीबद्दल बोलतायत. मी मिशिगनमध्ये जुन्या ट्रक्सवर काम करतो. त्याआधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात बसला. माझा अनुभव सांगतो की स्पेसर किती जाड आहे हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की सगळं बसवून झाल्यावर टायरचा मध्य मूळ जागेपासून किती सरकला. तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, तो स्पेसर हबला कसा धरलाय.

आधी आकडे बघू. रिमच्या मागे ऑफसेट कोरलेला असतो. जेकेच्या कंपनीच्या रिम्सवर तो साधारण +४४ मिलीमीटर असतो. याचा अर्थ रिम हबला जिथे टेकतं ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून ४४ मिलीमीटर बाहेरच्या अंगाला आहे, म्हणून अख्खं चाक तेवढं आत जातं. तुमच्या सी-१० च्या मूळ लोखंडी रिमचा ऑफसेट शून्याच्या आसपास असतो. जुनी रिम्स अजून गॅरेजात पडली असतील तर माझ्या शब्दावर राहू नका, स्वतः मोजा. टायर काढलेलं रिम पालथं घाला, मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवा, पट्टीपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतची खोली घ्या. कड धरून रिमच्या एकूण रुंदीचा अर्धा भाग त्यातून वजा केला की ऑफसेट मिळतो.

आता दीड इंच म्हणजे ३८ मिलीमीटर. ४४ वजा ३८ म्हणजे +६. म्हणजे स्पेसर लावूनही चाक मूळ जागेच्या जवळपासच येतं, उलट किंचित आतच राहतं. बेअरिंगला स्पेसर दिसत नाही, त्याला फक्त टायरचा मध्य कुठे आहे ते कळतं. तुमच्या बाबतीत दीड इंची स्पेसरमुळे बेअरिंगवरचा भार वाढत नाही. हाच स्पेसर मूळ शून्य ऑफसेटच्या रिमखाली फक्त ‘रुंद दिसावं’ म्हणून लावला असता तर हिशोब −३८ वर गेला असता, आणि मी सरळ नको म्हटलं असतं. तोच तुकडा, तीच जाडी, निकाल वेगळा. तुमचे दोन मित्र बहुतेक दोन वेगवेगळ्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून भांडतायत.

−३८ वर काय बिघडतं तेही सांगतो, कारण दोन इंची स्पेसर घ्यायचा मोह तुम्हाला होणार आहे (तो दिसायला खरंच छान दिसतो). पुढच्या हबमध्ये दोन बेअरिंग असतात, आतलं मोठं आणि बाहेरचं लहान. बनवणाऱ्यांनी टायरचा भार मोठ्या बेअरिंगच्या जवळ पडावा अशी मांडणी केलेली असते. चाक बाहेर ढकललं की भार लहान बेअरिंगकडे सरकतो. शिवाय पुढचं चाक ज्यांवर वळतं त्या बॉल जॉइंटांतून जाणारी कल्पित रेघ जमिनीला जिथे मिळते तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर, ज्याला स्क्रब रेडियस म्हणतात, ते वाढतं. मग खड्ड्यात एक चाक गेलं की स्टिअरिंग हाताला झटका देतं. ब्रेक मारताना एका बाजूचा ब्रेक जरा आधी धरला तर गाडी त्या बाजूला ओढते. पॉवर स्टिअरिंग नसेल तर पार्किंगमध्ये चाक फिरवताना दंड भरून येतात. तुमच्या १९७२ च्या मॉडेलला पुढे डिस्क ब्रेक आहेत, ते १९७१ पासून आले, त्यामुळे ओढण्याचा त्रास कमी होईल. त्याआधीच्या चारही ड्रमवाल्या सी-१० ला मात्र हा त्रास चांगलाच जाणवतो.

मागची गोष्ट अजून नाजूक आहे. सी-१० चा मागचा ॲक्सल अर्ध-तरंगता, म्हणजे सेमी-फ्लोटिंग प्रकारचा आहे. चाक थेट ॲक्सल शाफ्टच्या टोकाच्या चकतीवर, म्हणजे फ्लँजवर, बसतं आणि गाडीचं वजन त्या शाफ्टलाच पेलावं लागतं. बाहेरच्या बेअरिंगचे रोलर शाफ्टच्याच पृष्ठभागावर फिरतात, वेगळी आतली रिंग नसते. शाफ्ट आत डिफरन्शियलमध्ये एका छोट्या सी-आकाराच्या क्लिपनं अडकवलेला असतो. चाक बाहेर सरकलं की शाफ्ट जास्त वाकतो आणि त्याचा बेअरिंगखालचा भाग झिजतो. पन्नास वर्षांच्या शाफ्टवर तिथे आधीच चर पडलेली असू शकते. आणि शाफ्ट क्लिपच्या बाहेरच्या बाजूला तुटला तर चाक शाफ्टसकट बाहेर येतं. म्हणून ड्रम काढाल तेव्हा बेअरिंगच्या जागेवर बोट फिरवा. नखाला चर लागली तर स्पेसरचा विषय बाजूला ठेवून आधी शाफ्टचं बघा.

आता तुम्ही प्रश्नात ओझरतं लिहिलेलं एक वाक्य पकडतो: ‘मागचं डावं चाक उजव्यापेक्षा जास्त आत वाटतं.’ हे स्पेसरनं सुटणार नाही. तुमच्या ट्रकला मागे कॉइल स्प्रिंगा, दोन लांब ट्रेलिंग आर्म आणि एक आडवा पॅनहार्ड बार आहे. या बारचं एक टोक चासीला आणि दुसरं ॲक्सलला असतं. ॲक्सल वर-खाली होतो तेव्हा बार कमानीत फिरतो. त्यामुळे गाडी खाली बसवली आणि बार मूळच्याच लांबीचा राहिला की अख्खा ॲक्सल एका बाजूला सरकतो. मग एक चाक आत आणि दुसरं बाहेर दिसतं. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ स्पेसर लावून हे ‘सरळ’ केलेली गाडी माझ्याकडे आली होती. दिसायला सारखी, पण चारही चाकं एका रेषेत धावत नव्हती. लांबी बदलता येणारा पॅनहार्ड बार मिळतो, तो लावा आणि ॲक्सल मध्यावर आणा. स्पेसरची जाडी त्यानंतर ठरवायची. कदाचित तुम्हाला सव्वा इंचही पुरेल.

मापं जमली असं धरू. आता तिसरा प्रश्न, चाक धरून काय ठेवतं?

बहुतेकांना वाटतं की हबमधून बाहेर आलेले पाच बोल्ट, म्हणजे स्टड, चाकाचं वजन झेलतात, खुंटीवर पिशवी टांगावी तसं. तसं नाही. नट आवळला की स्टड ताणला जातो आणि तो ताण चाकाला हबच्या तोंडावर दाबून धरतो. गाडीचं वजन, ब्रेकचा जोर, वळणावरचा रेटा, सगळं त्या दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणानं पेललं जातं. दाब पुरेसा असेपर्यंत स्टडवर आडवा जोर जवळपास येतच नाही. दाब कमी झाला की पृष्ठभाग केसाएवढे सरकायला लागतात, नट स्वतःहून ढिले होत जातात, स्टड दर फेरीला वाकून परत सरळ होतो आणि शेवटी थकून तुटतो. तुटलेले जे स्टड मी पाहिले, त्यांच्या तुटीवर हळूहळू पुढे सरकत गेलेल्या भेगेच्या रेघा होत्या. एका झटक्यात तुटलेला क्वचितच. म्हणून ‘स्पेसर तुटला’ या गोष्टींत खरा दोष बहुतेक वेळा दाबाचा असतो, जाडीचा नसतो.

या नजरेनं पाहिलं तर स्पेसरचे दोन प्रकार दोन वेगळे प्राणी आहेत.

पहिला प्रकार म्हणजे नुसती चकती. मूळ स्टडवर सरकवायची, वरून चाक, वरून तेच नट. ही चकती जेवढी जाड, तेवढे नटाला मिळणारे आटे कमी. आमचा साधा नियम असा की नटानं किमान स्टडच्या व्यासाएवढी लांबी पकडली पाहिजे. तुमच्या सी-१० चे स्टड बहुधा ७/१६ इंच, इंचाला २० आटे असलेले आहेत, म्हणजे नट पूर्ण नऊ फेऱ्या तरी गेला पाहिजे. १/२ इंची स्टडला दहा. हातानं फिरवून मोजा, पान्यानं नाही. पाच-सहा मिलीमीटरपेक्षा जाड चकती मूळ स्टडवर मी लावत नाही. लांब स्टड बसवूनही दीड इंचाची सुटी चकती हा माझ्या दृष्टीनं विषयच नाही.

दुसरा प्रकार नटांनी आवळायचा. तो स्वतः हबला मूळ स्टडवर पाच नटांनी बसतो आणि त्याच्यात ठोकून बसवलेले पाच नवे स्टड चाक धरतात. तुम्हाला हाच लागेल. यात एक सांधा वाढतो, म्हणजे हब-स्पेसर आणि स्पेसर-रिम असे दोन. आतला सांधा चाक काढल्याशिवाय दिसत नाही. या प्रकारातला खरा धोका तिथेच आहे, आणि तो धोका शिस्तीनं सांभाळता येतो.

विकत घेताना: ६०६१-टी६ या प्रतीच्या ॲल्युमिनियमच्या घडीव ठोकळ्यातून कापलेला घ्या, ओतीव नको. आतल्या बाजूला तुमच्या हबवर नेमका बसणारा गोल गाळा हवा, आणि शक्य असेल तर बाहेर जेकेच्या रिमच्या ७१.५ मिलीमीटर भोकात बसणारी कड. जुन्या लोखंडी रिमला शंकूच्या तोंडाचे नट मध्यावर आणत असत. इथे मात्र सांधे दोन आहेत आणि दोन्हींनी थोडं थोडं चुकवलं तर ताशी ५५ मैलांना स्टिअरिंग थरथरतं. पुढे आणखी एक तपासा. सी-१० च्या पुढच्या हबची नळी आणि तिच्यावरची ग्रीसची टोपी स्पेसरच्या बाहेर डोकावते का, आणि डोकावली तर ती रिमच्या भोकातून जाते का? नाही गेली तर रिम टोपीवर टेकेल, नट आवळले जातील, तुम्हाला घट्ट वाटेल आणि रिम स्पेसरला टेकलेलंच नसेल.

मूळ स्टडच्या टोकांचंही तसंच. ते स्पेसरच्या तोंडापेक्षा बाहेर आले तर रिम त्यांच्यावर बसतं. रिमच्या मागे कधी खोलगट जागा असतात, पण त्या नेमक्या तुमच्या स्टडसमोर येतीलच असं नाही. दीड इंची स्पेसरमध्ये सहसा अडचण येत नाही. एक इंचीत येते.

बसवताना मी काय करतो ते सांगतो. ड्रमच्या स्टडवर कारखान्यातून आलेल्या पातळ पत्र्याच्या क्लिपा अजून असतील तर आधी त्या काढून टाकतो, नाहीतर स्पेसर तिरका बसतो. हबचं तोंड तारेच्या ब्रशनं धातू दिसेपर्यंत साफ करतो. गंज नको आणि रंगही नको. रिस्टोअर केलेल्या गाड्यांत लोक हब आणि ड्रम सुंदर काळे रंगवतात. तो रंग सांध्यात दाबला जातो, काही दिवसांनी पातळ होतो आणि नटाचा ताण उतरतो. स्पेसर नुसत्या हातानं बसवून फिरवून पाहतो, कुठे डुगडुगतो का. आटे कोरडे आणि स्वच्छ. तेल किंवा ग्रीस लावलेल्या आट्यांवर तोच टॉर्क, म्हणजे नट आवळण्याचा जोर, स्टडला कितीतरी जास्त ताणतो, म्हणून लावत नाही. स्पेसर बनवणाऱ्यानं आटे पक्के करणारं द्रव वापरायला लेखी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

तुमच्याकडे आता दोन वेगळे आकडे असतील हे विसरू नका. आतले नट ७/१६ चे, साधारण ७० ते ८० फूट-पाउंड. बाहेरचे स्टड १/२ इंची घेतले तर साधारण ७५ ते ८५. नेमका आकडा ट्रकच्या पुस्तकातला आणि स्पेसरसोबत आलेल्या कागदावरचा, माझा नाही. एक सोडून एक अशा ताऱ्याच्या क्रमानं, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं. इम्पॅक्ट गन फक्त काढायला. टायरच्या दुकानात गाडी दिलीत तर त्यांना स्पेसर आहे हे आधी सांगा. तिथला पोरगा रिमवर जीपचं चिन्ह बघून जीपचा आकडा लावेल, त्याचा काय दोष?

पहिल्या ५० ते १०० मैलांनंतर चाकं काढून आतले नट पुन्हा तपासा. हे टाळायची सगळ्यांची इच्छा असते, कारण बाहेरचे नट घट्ट लागतात आणि वाटतं की झालं. आतले नट वेगळे असतात. पुढे दर टायर फिरवणीला पुन्हा. नटाच्या भोवती रिमवर तपकिरी गंजाची रेघ उतरलेली दिसली, वळताना चाकातून टक-टक आवाज आला, किंवा ठरावीक वेगाला नवी थरथर सुरू झाली, तर गाडी बाजूला घ्या. घरापर्यंत चालवत नेऊ नका.

तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडत नाही, हे तुमचं नशीब. इथे ॲल्युमिनियमचा स्पेसर आणि लोखंडी हब मिठाच्या पाण्यात एकमेकांना असे चिकटतात की हातोड्याशिवाय सुटत नाहीत, आणि त्यांच्यामध्ये साठलेली पांढरी पूड सांधा सपाट राहू देत नाही. मिशिगनवाल्या गाडीला मी वेगळं उत्तर दिलं असतं.

वजनाचं म्हणाल तर थोडी माती किंवा गणपतीची मूर्ती म्हणजे काहीच नाही. तिथे फक्त मूर्ती सरकू नये याची काळजी. पण तुम्ही ट्रेलर जोडून जड ओढकाम सुरू केलंत तर माझं मत बदलेल. लांब उतारावर ब्रेक तापले की ती उष्णता हबमधून स्पेसरमध्ये जाते आणि सांध्यांना तापणं-निवणं सोसावं लागतं. त्या कामाला मी मूळ ऑफसेटची रिम्सच लावेन.

खरं तर पैशाचा हिशोब केलात तर तोही पर्याय तोलून बघा. चार चांगले स्पेसर, नवे नट, पॅनहार्ड बार, आणि वर्षातून दोनदा सगळं काढून तपासण्याचा वेळ. त्या रकमेत थोडी भर घातली की सी-१० साठी बनवलेली, पाच इंच वर्तुळाची, शून्य ऑफसेटची पंधरा किंवा अठरा इंची रिम्स येतात. जेकेची रिम्स विकली तर त्यांचेही पैसे निघतात, त्यांना गिऱ्हाईक कायम असतं. मी स्वतःच्या गाडीला तेच केलं असतं. पण ती रिम्स तुम्हाला आवडली आहेत हे तुमच्या प्रश्नातून दिसतंय, आणि वर सांगितल्याप्रमाणे लावलीत तर मी तुम्हाला अडवणार नाही. विमा कंपनीला मात्र बदल कळवून ठेवा.

महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण जुन्या जीपवाल्यांचा हाच प्रश्न येतो. विलीस घराण्यातल्या महिंद्रा जीपना पाच नट साडेपाच इंच वर्तुळावर असतात. रुंद टायर बसवण्यासाठी गल्लीतल्या लेथवर मिळेल त्या पत्र्याची चकती कातून घेणं ही तिथली जुनी पद्धत आहे. मीही लेथवाला आहे, म्हणून सांगतो: कातकाम कितीही सुबक असलं तरी तो कुठला धातू आहे हे कोणाला माहीत नसतं, आणि चकतीमुळे आटे कमी पडतात ते वेगळंच. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांबद्दल आहे, ते एकदा वाचून घ्या. आणि फार जुन्या विलीसच्या डाव्या बाजूच्या स्टडना उलटे आटे असतात. नट सुटत नाही म्हणून पान्याला पाइप लावण्याआधी स्टडच्या टोकावरची खूण बघा.

आता तुमच्याकडून मला चार मापं हवीत: जुन्या रिमचा ऑफसेट, पुढच्या हबची नळी टोपीसकट हबच्या तोंडापासून किती बाहेर येते, मूळ स्टड किती बाहेर येतात, आणि गाडी सपाट जागेवर उभी असताना मागच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या भिंतीपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर, डावं आणि उजवं वेगळं. ती लिहून पाठवा, मग सव्वा इंच की दीड ते ठरवू. तोवर स्पेसर मागवू नका.